तिकिटांतील भोजन आणि वाढप्याचें देणें

भोजन आणि मनोरंजन यांची सांगड मनुष्यानें फार प्राचीन काळापासून घातलेली आहे. आपल्याकडे मंगलकार्यांत पंगत चालूं असतां सनई वाजत असते, आणि देवळाच्या उत्सवांत कीर्तन आटोपतांच प्रसादाचीं पानें मांडलीं जातात. परंतु या जुन्या व्यवस्थेंत कोणास काय द्यावयाचें याविषयीं संशय क्वचितच उत्पन्न होई. आचाऱ्याची मजुरी आधीं ठरलेली असे. हरिदासबुवांची बिदागी वेगळी, भिक्षुकांची दक्षिणा वेगळी, वाजंत्र्यांची सुपारी वेगळी. यजमान ज्याचें त्याचें देणें ज्याच्या त्याच्या हातीं पोंचतें करी, आणि पाहुणा निर्धास्तपणें हात धुवून विडा घेई. अलीकडे मात्र भोजन व करमणूक हीं दोन्ही एकाच तिकिटावर विकत मिळूं लागलीं आहेत. यजमानाच्या जागीं व्यवस्थापक आला, आणि यजमान जी चिंता वाहत असे ती पाहुण्याच्या माथीं आली. तिकिटाचे पैसे तर भरलेच आहेत. आतां वाढणाऱ्यास निराळें कांहीं द्यावयाचें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर तें कशाच्या मानानें, हा प्रश्न सुशिक्षित माणसांसही गोंधळांत पाडतो.

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसेल. परंतु आमच्या वाचकांपैकीं कितीएकांचीं मुलें आज अमेरिकेंत संसार थाटून आहेत. आईवडील चार-सहा महिन्यांकरितां तिकडे जातात, आणि मुलें व सुना त्यांस मोठ्या हौसेनें अशा एखाद्या समारंभास घेऊन जातात, कीं जेथें जेवतां जेवतां नाटक पाहावयाचें किंवा नौकेंत बसून गाणें ऐकतां ऐकतां जेवावयाचें असतें. त्या देशांत वाढप्यास द्यावयाच्या पैशांस 'टिप' म्हणतात हें आतां आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नसतें तें हें कीं, तेथील टिप ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नसून तिच्यावर समोर उभ्या असलेल्या मुलाचें किंवा मुलीचें त्या रात्रीचें वेतन अवलंबून असतें. एवढ्याचसाठीं या विषयाचा थोडा बारकाईनें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम या संस्थेचा परिचय करून घेऊं. अमेरिकेंत तिला 'डिनर थिएटर' असें नांव आहे. आपण भोजन-नाट्यगृह म्हणूं. व्हर्जिनिया राज्यांतील हॅनोव्हर टॅव्हर्न या जुन्या पांथस्थगृहांत १९५३ सालीं बार्क्सडेल थिएटर सुरू झालें, आणि त्या देशांतील पहिलें भोजन-नाट्यगृह होण्याचा मान सामान्यतः त्यास दिला जातो. मिनेसोटा राज्यांतील शॅनहॅसन येथील नाट्यगृह १९६८ सालीं उघडलें. पुढें या कल्पनेस नाना फांटे फुटले. १९८३ सालीं फ्लॉरिडांतील किसिमी या गांवीं 'मेडिव्हल टाइम्स' या मंडळीनें अमेरिकेंतील आपला पहिला किल्ला बांधला. तेथें रिंगणाभोंवतीं पायऱ्यापायऱ्यांच्या रांगांतून प्रेक्षक बसतात, रिंगणांत चिलखत घातलेले वीर घोड्यांवरून भाल्यांचीं द्वंद्वें खेळतात, आणि प्रेक्षक मध्ययुगांतील रीतीप्रमाणें कांटेचमच्यांवांचून हातानें जेवतात. आपल्या मंडळींस हा शेवटचा भाग मुळींच अवघड जात नाहीं! शाकाहारी पानही आगाऊ सांगितल्यास मिळतें. यांखेरीज नदींतून व बंदरांतून फिरणाऱ्या भोजन-नौका आहेत. हवाई बेटांवर नृत्यगायनासह दिली जाणारी 'लुआऊ' नांवाची मेजवानी आहे. सर्वांचें रूप निराळें, पण व्यवहार एक : एक तिकीट, एक रक्कम, आणि तींत अन्न व करमणूक यांचा वांटा किती हें बहुधा लिहिलेलें नसतें.

मग जेवण संपतांना, दिवे मंद होण्यापूर्वीं, वाढणारी मुलगी एक लहानशी पाकिटासारखी पुस्तिका मेजावर ठेवून जाते आणि मेजाभोंवतीं मतभेदास आरंभ होतो. आम्हीं स्वतः अशा प्रसंगीं तीन पक्ष ऐकले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, "तिकिटांत सर्व कांहीं आलें, आतां एक पैही देणें नको." दुसरा पक्ष म्हणतो, "या देशाची रीत शेंकडा वीस देण्याची आहे. तेव्हां सबंध तिकिटावर शेंकडा वीस द्या, म्हणजे कोणी नांवें ठेवणार नाहीं." तिसरा पक्ष थोडी चिल्लर किंवा एखादी नोट ठेवून सुटका करून घेण्याचा. आमच्या मतें हे तिन्ही पक्ष सदोष आहेत. त्यांचा निवाडा करण्यापूर्वीं हें देणें कोणत्या जातीचें आहे तें ठरविलें पाहिजे.

देण्याघेण्यासंबंधींचे शब्द आपल्या भाषेंत विपुल आहेत, आणि ते शब्द नीट पाहिले तर निम्मा गुंता सुटतो. वस्तूचें 'मोल' तें वस्तु हातीं पडतांच फिटतें. श्रमाचें 'वेतन' किंवा संस्कृतांत 'भृति', ती कामावर ठेवणाऱ्यानें द्यावयाची असते. 'बक्षीस' हा फारसींतून आलेला शब्द. त्यांत देणाऱ्याची मेहेरबानी आहे, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं आहे. 'पारितोषिक' हें परितोष झाला तर द्यावयाचें. संतोष न झाल्यास न दिलें तरी चालतें. कीर्तनकारास किंवा गवयास निरोप देतांना द्यावयाची ती 'बिदागी'. तमाशांत रसिक खूष होऊन जी रक्कम पुढें करतो ती 'दौलतजादा'. या सर्वांहून निराळी 'दक्षिणा'. तिचा आंकडा देणाऱ्याच्या शक्तीवर व श्रद्धेवर सोडलेला असतो, परंतु देणें स्वतः मात्र ऐच्छिक नसतें. दक्षिणेवांचून कार्य सांग होत नाहीं, म्हणजे त्याचें एक अंग उणें राहतें.

आतां अमेरिकेंतील टिप यांपैकीं कशांत बसते? नांवानें पाहिलें तर ती बक्षीस आहे, कारण कायदा ती देण्याची सक्ती ग्राहकावर करीत नाहीं. परंतु स्वरूपानें पाहिलें तर ती वेतनाचाच भाग आहे. त्या देशाच्या १९३८ सालच्या श्रमविषयक कायद्यांत १९६६ सालीं एक दुरुस्ती झाली, आणि टिप मिळणाऱ्या नोकरास मालकानें किमान वेतनाहून कमी रोकड द्यावी, उरलेली भरपाई टिपेंतून व्हावी, अशी मुभा मिळाली. संघसरकारनें ठरविलेलें किमान वेतन २००९ सालापासून तासास सव्वासात डॉलर आहे. परंतु टिप मिळणाऱ्या नोकरास मालकानें रोख द्यावयाची किमान रक्कम १९९१ सालापासून तासास अवघे २ डॉलर १३ सेंट एवढीच राहिली आहे. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या देशांत भाडीं किती वाढलीं, धान्य किती महागलें, हें तेथें राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांस विचारावें.

आयुष्यभर फळ्यापुढें उभे राहिल्यामुळें गणित मांडल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. समजा, एका मुलीनें प्रयोगाच्या रात्रीं तीन तास काम केलें, आणि तिच्या राज्यांत संघसरकारचाच दर चालतो. मालकाकडून तिला मिळाले ६ डॉलर ३९ सेंट. कायद्यानें तिला मिळावयास पाहिजेत २१ डॉलर ७५ सेंट. मधले १५ डॉलर ३६ सेंट प्रेक्षकांनीं भरून काढावेत अशी ही योजना आहे. आठवड्याच्या हिशेबांत टिप कमी पडली तर उणीव मालकानें भरावी असा कायदा आहे खरा. परंतु त्यानें ती फक्त किमान वेतनापर्यंत पोंचते, आणि किमान वेतनावर त्या देशांत घर चालवणें किती कठीण तें सांगावयास नको. शिवाय प्रेक्षकांनीं ठेवलेली रक्कम सगळी तिच्याच पदरीं पडते असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं भांडीं उचलणारा, पेयें तयार करणारा, ताटें आणून देणारा, यांना तींतून वांटा द्यावा लागतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, माँटाना, नेव्हाडा, ऑरेगॉन व वॉशिंग्टन या सात राज्यांत वाढप्यासही राज्याचें पूर्ण किमान वेतन मालकानेंच द्यावें लागतें. टिप ती त्यावर. म्हणजे शॅनहॅसनच्या नाट्यगृहांतील वाढपी आणि २ डॉलर १३ सेंटांचा दर चालणाऱ्या राज्यांतील वाढपी यांची स्थिति सारखी नाहीं. तरी त्या सात राज्यांतही टिप देण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि तेथील नोकर आपल्या मिळकतीचा अंदाज तीस धरूनच करतो. यास्तव तेथें कांहींच न देणें योग्य ठरत नाहीं. फार तर नेहमींच्या प्रमाणाच्या खालच्या टोंकास राहिल्यास दोष येणार नाहीं.

कोणी म्हणेल, ही पद्धतच मुळीं वाईट आहे. तिला आपण कां खतपाणी घालावें? पद्धत वाईट आहे हें अमेरिकनांनींही फार पूर्वीं ओळखलें होतें. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनें आपल्या शयनगाड्यांवर दास्यांतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस तुटपुंज्या पगारावर चाकरीस ठेवलें आणि उरलेलें प्रवाशांच्या मर्जीवर सोपविलें. त्या चाकरांनीं १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं संघ स्थापिला, आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं कंपनीशीं करार करून घेतला. इकडे वॉशिंग्टन राज्यानें १९०९ सालीं टिप देण्याघेण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. मागाहून आणखी कांहीं राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. परंतु १९२६ पर्यंत ते सर्व कायदे रद्द झाले. तात्पर्य, पद्धत बदलावयाची तर ती कामगारांच्या संघटनेनें, विधिमंडळानें व मालकानें बदलावयाची आहे. एका संध्याकाळच्या पाहुण्यानें आपला खिसा बंद ठेवला म्हणून पद्धत बदलत नाहीं. तिच्याखालीं दबलेला मनुष्य मात्र आणखी थोडा दबतो. म्हणून "तिकिटांत सर्व आलें" हा पहिला पक्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तिकिटांत अन्न आलें, आसन आलें, नटांचें वेतन आलें. वाढणाऱ्याचें पूर्ण वेतन बहुधा आलेलें नसतें.

दुसरा पक्ष, म्हणजे सबंध तिकिटावर शेंकडा वीस. यांत औदार्य आहे, परंतु विवेक नाहीं. शेंकडेवारीची रूढि ही वाढण्याच्या श्रमाशीं जोडलेली आहे. नेहमींच्या उपाहारगृहांत शेंकडा पंधरा ते वीस हें प्रमाण चालतें. मनोरंजनाचें मोल वाढण्यानें वाढत नाहीं. घोडे, पोषाख, पडदे, वाद्यवृंद यांचा खर्च तिकिटांत आधींच भरलेला असतो, आणि त्या कलावंतांस प्रेक्षकांनीं वेगळें कांहीं देण्याची रीत नाहीं. म्हणून शेंकडेवारी लावावयाची ती तिकिटांतील भोजनाच्या अंशावर लावावी, हें न्यायाचें होय.

भोजनाचा अंश ओळखावा कसा? कांहीं नाट्यगृहें केवळ प्रयोगाचेंही तिकीट विकतात. तेथें दोन तिकिटांतील अंतर हीच भोजनाची किंमत. जेथें तशी सोय नाहीं तेथें त्याच गांवांत त्याच तोलाचें जेवण बाहेर कितीस पडलें असतें याचा अंदाज करावा. कल्पना करा, तिकीट ९० डॉलरांचें आहे आणि तसें जेवण बाहेर ३५ डॉलरांस मिळतें. पस्तिसावर शेंकडा पंधरा म्हणजे सव्वापांच डॉलर, शेंकडा वीस म्हणजे सात डॉलर. माणशीं सहा-सात डॉलर ठेवले म्हणजे कर्तव्य यथास्थित पार पडलें. सबंध तिकिटावर शेंकडा वीस धरले असते तर माणशीं अठरा डॉलर झाले असते; सहा जणांच्या कुटुंबास हा फरक साठ डॉलरांहून अधिक पडतो. ज्यास परवडतें त्यानें खुशाल द्यावें. परंतु परवडत नसतां भिडेनें देऊन परततांना मोटारींत कुरकुर करीत बसणें हें दातृत्व नव्हे.

सवलतीच्या दरानें तिकीट मिळालें असेल किंवा कोणी फुकट दिलें असेल, तरी हिशेब मूळ किंमतीवरच करावा. सवलत मालकानें दिली, वाढणाऱ्या मुलीचे श्रम तेवढ्यानें उणे झाले नाहींत. जेथें पदार्थ मांडून ठेवलेले असून पाहुण्यानें आपलें ताट आपणच वाढून घ्यावयाचें असतें, तेथें शेंकडा दहाच्या आसपास पुरे, कारण तेथें पाणी देणें आणि ताटें उचलणें एवढेंच काम उरतें.

यापुढील मुद्दा विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण येथें चांगलीं समंजस माणसेंही चकतात. भोजन तिकिटांत आलेलें असलें तरी पेयें बहुधा वेगळीं असतात, आणि शेवटीं येणाऱ्या बिलावर तेवढीच रक्कम असते. आजकाल त्या बिलावर शेंकडा पंधरा, अठरा, वीस असे तयार आंकडे छापून येतात. चार जणांच्या कुटुंबानें दहा डॉलरांचीं सरबतें घेतलीं असतील तर त्या कागदावर शेंकडा वीस म्हणून दोन डॉलर छापलेले दिसतात, आणि पाहुणा तेवढ्यावर खूण करून समाधान पावतो. परंतु त्या मुलीनें दोन सरबतें नव्हे, चार पूर्ण जेवणें वाढलीं. वरच्या हिशेबानें त्यांची किंमत १४० डॉलर आणि त्यावर शेंकडा वीस म्हणजे २८ डॉलर होतात. कागदावरील आंकडा यंत्रानें मांडलेला असतो. यंत्रास भोजन झालेलें दिसत नाहीं.

याच्या उलट, कांहीं ठिकाणीं, विशेषतः भोजन-नौकांवर आणि मोठ्या समुदायांच्या बाबतींत, तिकीट काढतांनाच 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'ग्रॅच्युइटी' म्हणून रक्कम जोडलेली असते. अशा वेळीं दुसऱ्यांदा देण्याचें कारण नाहीं. तथापि या दोन शब्दांत भेद आहे. अमेरिकेच्या करखात्यानें २०१२ सालीं असें स्पष्ट केलें कीं, मालकानें सक्तीनें बिलांत जोडलेली रक्कम ही टिप नव्हे. ती मालकाची मिळकत, आणि तींतून त्यानें नोकरास जें दिलें तें वेतन. पाहुण्यानें खुषीनें ठेवलेली टिप मात्र नोकराची. मालकानें किंवा पर्यवेक्षकानें तींतून कांहींही घेऊं नये असें २०१८ सालच्या कायद्यानें ठरलें आहे. म्हणून तिकीट काढतांनाच, किंवा वाढणाऱ्यास हळूच, "ही रक्कम आपणांसच मिळते ना?" असें विचारण्यास संकोच धरूं नये. त्या देशांत हा प्रश्न असभ्य समजला जात नाहीं.

कांहीं भोजन-नाट्यगृहांत एक गमतीची रीत आहे : जो नट रंगभूमीवर राजा होऊन वावरतो तोच मध्यंतरांत आपल्या मेजावर भाताचें ताट आणून ठेवतो! अशा वेळीं देतांना गोंधळूं नये. द्यावयाचें तें वाढण्याबद्दल. त्याच्या अभिनयाचें देणें टाळ्यांनीं फेडावें, आणि अभिनय पसंत न पडल्यास त्याचा राग ताटाच्या हिशेबांत काढूं नये. तसेंच पाकशाळेंतून पदार्थ उशिरा आला, आसन खांबाआड पडलें, किंवा नाटकच रटाळ होतें, यांपैकीं एकाही गोष्टीचा दोष वाढणाऱ्याकडे जात नाहीं. मात्र एखादा वादक मेजापाशीं येऊन आपल्या फर्माइशीचें गीत वाजवील तर त्यास वेगळी नोट द्यावी. ही आपल्या बिदागीच्या जातीची गोष्ट असून तिचा शेंकडेवारीशीं संबंध नाहीं.

ही सर्व चर्चा अमेरिकेपुरती आहे हें पुनः सांगितलें पाहिजे. तीच रीत घेऊन दुसऱ्या देशीं जाणें हेंही अडाणीपणाचें ठरेल. पॅरिस येथील मूलां रूज हें १८८९ सालीं उघडलेलें नृत्यगृह आजही भोजनासह खेळ दाखवितें. परंतु फ्रान्समध्यें उपाहारगृहाच्या दरांत सेवेचें मोल आधींच धरलेलें असतें, म्हणून तेथें आनंद झाल्यास थोडीशी रक्कम ठेवणें एवढीच अपेक्षा. जपानांत टिप देण्याची रीत नाहीं. ठेवलेले पैसे विसरले समजून वाढपी ते परत देण्यास मागें धांवत येण्याचा संभव असतो. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें २०२३ सालचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून अंमलांत आला असून टिप व सेवाशुल्क कसलीही कपात न करतां नोकरांतच वांटणें मालकावर बंधनकारक झालें आहे. देश बदलला कीं देण्याची जात बदलते. आधीं ती विचारून घ्यावी, मग हात खिशांत घालावा.

स्वदेशींही या जातीचे प्रसंग आतां वाढत आहेत. हिंवाळ्यांत पुण्याभोंवतालच्या शेतांवर हुरड्याचीं आमंत्रणें निघतात. माणशीं एक रक्कम घेऊन त्यांत हुरडा, पिठलेंभाकरी, बैलगाडीची फेरी आणि कोठें कोठें लोकगीतांचा कार्यक्रमही असतो. जयपूरच्या चोखी ढाणींत राजस्थानी भोजन आणि लोककला एकाच तिकिटावर मिळतात. आपल्या देशांत वाढप्याचें वेतन टिप धरून कमी करण्याची अमेरिकेसारखी कायदेशीर योजना नाहीं. उपाहारगृहांनीं सेवाशुल्क आपोआप बिलांत जोडूं नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढले, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय न्यायासनानें ते मान्य केले. म्हणजे येथें देणें खरोखरच पाहुण्याच्या इच्छेवर आहे. परंतु इच्छेवर आहे याचा अर्थ विसरून जावें असा नव्हे. चुलीपाशीं धुरांत बसून सकाळपासून भाकरी थापणारी बाई आणि निखाऱ्यावर कणसें भाजून तळहात पोळून घेणारा गडी यांच्या हातीं निघतांना कांहीं प्रत्यक्ष ठेवावें. तें व्यवस्थापकाच्या मेजावर ठेवल्यास त्यांच्यापर्यंत पोंचेलच असें नाहीं.

परदेशांतील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवांत किंवा दिवाळींतही एकाच वर्गणींत नाटक व जेवण असतें. तेथें पंगतींत किंवा मेजामागें उभीं असलेलीं माणसें बहुधा मंडळाचीं स्वयंसेवक, कोणी अभियंता, कोणी वैद्य, असतात. त्यांच्यापुढें नोट धरणें हा त्यांचा उपमर्द होईल. तेथील देणें म्हणजे आपलें पान आपण उचलणें, आणि पुढच्या वर्षीं आपल्यापैकीं कोणी तरुणानें त्यांच्या बरोबरीनें वाढावयास उभें राहणें.

आतां देण्याच्या रीतीविषयीं. मुलानें किंवा जांवयानें तिकिटें काढलीं असतील तर यजमान तोच. टिपही त्यानेंच द्यावयाची असते. वडीलधाऱ्यांनीं मेजावर ओढाताण करूं नये. आपणांस भार उचलावयाचा असेल तर घरून निघण्यापूर्वींच सांगावें, "आजची टिप आमच्याकडे हो, बाळ," म्हणजे त्याचाही मान राहतो आणि आपलाही. रोख द्यावयाची असल्यास पांच-दहा डॉलरांच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्या. दिवे गेल्यावर अंधारांत पाकीट चाचपणें सोयीचें नसतें. डॉलराचे रुपये करून मोठ्यानें उद्गार काढूं नयेत. त्या रुपयांनीं भाडें आपल्या गांवचें भरावयाचें नसून तिला तें तिच्या गांवचें भरावयाचें असतें. आणि देतांना तिच्या डोळ्यांकडे पाहून आभार मानावे. बक्षीस फेंकतां येतें, दक्षिणा फेंकतां येत नाहीं. आणि हें देणें, आम्हीं वर दाखविल्याप्रमाणें, दक्षिणेच्या जवळचें आहे.

गृहस्थधर्म सांगणाऱ्या आपल्या स्मृतिकारांनीं गृहस्थानें अतिथि व घरचे चाकर जेवल्यानंतरच पानावर बसावें असें सांगितलें आहे. आजच्या काळांत आपण पाहुणे म्हणून आधीं जेवतों आणि वाढणारी मुलगी प्रयोग संपून मेजें पुसून झाल्यावर केव्हां तरी जेवते. क्रम उलटला, त्यास आपला इलाज नाहीं. परंतु तिच्या घरीं त्या रात्रीं जेवण असावें, एवढें पाहणें अजूनही आपल्या हातीं राहिलेलें आहे. आणि हिशेब केला तर तें माणशीं सहा-सात डॉलरांत होतें.